देह कुणाचा, निर्णय कुणाचा?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, शेतातील धान लोंबीवर आले होते त्या दिवसांतील गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून मी वस्त्रे उतरवीत होतो. आमच्या धर्मग्रामातील एक शिक्षिका दाराशी येऊन थांबल्या. देवळात त्या नेहमी अगदी शेवटच्या बाकावर, कडेला बसतात. "फादर, पाच मिनिटे बोलायचे आहे," म्हणाल्या आणि पुढे पाऊण तास बोलत राहिल्या. त्यांचे वजन एकशे बारा किलो. मधुमेह आठ वर्षांचा, गुडघे निकामी होत चाललेले, रात्री झोपेत श्वास अडकून दचकून जाग येते. नागपूरच्या डॉक्टरांनी जठरावरील शस्त्रक्रिया सुचविली होती. तारीखही मिळाली होती. घरातील एकाही माणसाला ती तारीख मान्य नव्हती.

"मी मरायला भीत नाही, फादर," बाई म्हणाल्या. "पण कशासाठी मेले म्हणून लोक काय म्हणतील, याला भिते. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये गेले तर सगळे रडतील. यात गेले तर म्हणतील, बारीक व्हायला गेली आणि मेली."

हे वाक्य मी अनेक दिवस मनात घोळवीत राहिलो. हा लेख त्यातूनच निघाला आहे. बाईंनी लिहिण्यास अनुमती दिली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

प्रथम माझ्याच अपराधाची कबुली देणे भाग आहे. त्याच वर्षीच्या उपवासकाळात खादाडपणा या पापावर मी प्रवचन केले होते. श्रोते पेंगत आहेत असे पाहून एक विनोद केला. विनोद शरीराच्या आकारावर होता. देऊळ हसले. हसण्याचा तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत कसा पोहोचला असेल, याचा विचार मला त्या वेळी शिवलादेखील नाही. बाईंनी त्या पाऊण तासात त्याचा उल्लेख केला नाही. मीच आठवण काढली आणि क्षमा मागितली. "सवय आहे, फादर," एवढेच त्या म्हणाल्या. हे उत्तर मला रागावण्यापेक्षा अधिक लागले.

त्या घरातील प्रत्येकाचा आक्षेप निराळा होता आणि प्रत्येक आक्षेपात काही तथ्यही होते. पती रेल्वेत नोकरीला. त्यांना जिवाची आणि पैशाची काळजी. सासूबाईंचे म्हणणे, देवाने दिलेले धडधाकट पोट कापून फेकायचे हे कोणत्या धर्मात बसते? आणि बारावीत शिकणारा मुलगा एका वाक्यात निकाल देत असे : "आई, मनावर घेतलेस तर सगळे जमेल. जिम लाव."

यांपैकी सासूबाईंचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. लोक त्याला अडाणीपणा म्हणतील. परंतु नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर आम्ही नीतिशास्त्र शिकलो तेव्हा हाच प्रश्न आमच्या पुढ्यात अनेक तास पसरलेला असे. देह आपल्या मालकीचा नाही, तो आपल्या स्वाधीन केलेला आहे. आपण विश्वस्त आहोत. मग विश्वस्ताने ठेवीचा एक भाग कापून टाकावा काय? सडलेला पाय कापणे समजते. येथे तर जठर निरोगी आहे. 'स्लीव्ह' नावाच्या शस्त्रक्रियेत त्याचा सुमारे पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याएवढी अरुंद नळी. 'बायपास' प्रकारात जठराच्या वरच्या टोकाची लहानशी थैली करून ती थेट आतड्याला जोडतात.

या प्रश्नाला पोप बारावे पायस यांनी ८ ऑक्टोबर १९५३ रोजी, मूत्ररोगतज्ज्ञांपुढील भाषणात उत्तर दिलेले आहे. तेथे विषय वेगळा होता : कर्करोगाची वाढ रोखण्यासाठी शरीरातील एखादी निरोगी ग्रंथी काढता येईल काय? पोपमहाशयांचे विवेचन थोडक्यात असे. अवयव स्वतः रोगग्रस्त आहे की नाही, हा निर्णायक मुद्दा नाही. तो शरीरात राहिल्याने किंवा त्याचे कार्य चालू राहिल्याने संपूर्ण देहाला गंभीर अपाय होत असेल, तो अपाय अन्य मार्गाने टळण्यासारखा अथवा पुरेसा कमी होण्यासारखा नसेल, शस्त्रक्रियेचा गुण येईल अशी खात्री असेल आणि होणाऱ्या हानीपेक्षा लाभ अधिक असेल, तर त्याग योग्य ठरतो. भाग हा समग्रासाठी असतो. मी हे सासूबाईंना घरी जाऊन समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे पोपसाहेब हो म्हणतात?" मी म्हणालो, "आजी, पोपसाहेब अटी सांगतात. त्या अटी इथे पुऱ्या होतात की नाही, ते डॉक्टरांनी आणि तुमच्या सुनेने पाहायचे." त्यांचे समाधान झाले नाही. पण त्यानंतर 'धर्मात बसत नाही' हे शब्द त्यांनी वापरले नाहीत.

'अन्य मार्गाने टळण्यासारखा नसेल' ही अट मात्र आपल्याला मुलाच्या आक्षेपाकडे नेते. मनावर घेतले तर जमणार नाही काय?

खरे सांगायचे तर या पोराच्या तोंडून मला पाचव्या शतकातील पेलागिअस बोलत असल्याचा भास झाला. मनुष्य केवळ स्वतःच्या इच्छाशक्तीच्या बळावर सत्प्रवृत्त होऊ शकतो, असे मानणारा हा तपस्वी. संत ऑगस्टीनने त्याच्याशी वाद घातला आणि इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने ते मत त्याज्य ठरविले. आपण ते देवळात त्याज्य मानतो आणि जेवणाच्या पानावर रोज उच्चारतो. दुर्बल माणसाला 'तू मनावर घेत नाहीस' असे सांगणे फार सोपे असते. सांगणाऱ्याला त्याची काहीच किंमत मोजावी लागत नाही.

शरीरशास्त्र काय सांगते तेही पाहू. चरबीच्या पेशींतून मेंदूला निरोप नेणारे लेप्टिन हे संप्रेरक १९९४ मध्ये न्यूयॉर्क येथे जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. भूक चेतविणारे घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांच्या हाती लागले. त्याची निर्मिती मुख्यतः जठराच्या वरच्या, फुगीर भागात होते. आहार कमी करून वजन घटविलेल्या माणसाच्या रक्तात हे घ्रेलिन वाढते, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात आढळले. म्हणजे देह गमावलेले वजन परत मागतो आणि मागणी दिवसरात्र चालू ठेवतो. बाईंनी तीन वेळा पंधरा-पंधरा किलो वजन उतरविले होते आणि तिन्ही वेळा ते व्याजासह परत आले होते. त्यांना इच्छाशक्ती नव्हती असे कोण म्हणेल? ज्याला कधी अशी भूक लागलीच नाही, त्याने आपल्या सडपातळपणाला सद्गुण म्हणू नये. मीही त्यांतलाच एक. माझे वजन सेमिनरीपासून फारसे हललेले नाही आणि त्यात माझे कर्तृत्व शून्य आहे.

आणि खादाडपणाचे पाप? संत थॉमस अक्वायनस यांनी त्याची व्याख्या शरीराच्या मापावरून केलेली नाही. अन्नाविषयीच्या विवेकशून्य हव्यासावरून केली आहे. हा हव्यास काडीसारख्या माणसातही असू शकतो. स्वतः थॉमस देहाने चांगलेच स्थूल होते, असे परंपरा सांगते. आमच्या प्राध्यापकांनी हे सांगितले तेव्हा आम्ही विद्यार्थी हसलो होतो. बहुधा माझ्या प्रवचनातील विनोदाचे मूळ तिथे असावे.

शरीरावरून माणसाची पारख करण्याची आपली घाई किती निर्दय असते, याचे एक उदाहरण अनेकांच्या स्मरणात असेल. फेब्रुवारी २०१७ मध्ये, मुंबई महापालिकेच्या निवडणुकीच्या वेळी, एका प्रसिद्ध लेखिकेने एका स्थूल पोलीस अधिकाऱ्याचे छायाचित्र जगापुढे मांडून थट्टा केली. तो अधिकारी मुंबईचा नव्हताच. मध्य प्रदेश पोलिसांत होता. आपला देह आजारामुळे असा झाला आहे, खाण्यामुळे नव्हे, असे त्याने सांगितले. पुढे मुंबईतच त्याच्यावर अशी शस्त्रक्रिया झाली. थट्टेतून उपचार निघाला हे खरे; म्हणून थट्टा पुण्याची ठरत नाही.

आता पतीच्या आक्षेपाकडे येतो. त्यात सर्वांत अधिक भीती होती आणि ती निराधार नव्हती. त्या घरात दोन नावे एकमेकांवर फेकली जात. बाई म्हणत, आपल्या नागपूरच्या नितीन गडकरींनी २०११ मध्ये हीच शस्त्रक्रिया करून घेतली, त्यांचे काही बिघडले काय? पती म्हणत, अरुण जेटलींची २०१४ मध्ये झाली, नंतर संसर्ग होऊन पुन्हा रुग्णालयात जावे लागले, ते विसरलीस काय? मोठ्या माणसांची उदाहरणे दोन्ही बाजूंना मिळतात. त्यांनी कोणाचेच मन वळत नाही.

मग एके दिवशी पतीने इमानचे नाव काढले. ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरातील छत्तीस वर्षांची इमान अहमद ११ फेब्रुवारी २०१७ रोजी मालवाहू विमानाने मुंबईत आणली गेली. वजन सुमारे पाचशे किलो असल्याचे सांगण्यात आले. अनेक वर्षे ती घराबाहेर पडली नव्हती. पक्षाघाताने आधीच ग्रासलेली होती. ७ मार्च रोजी सैफी रुग्णालयात डॉ. मुफज्जल लकडावाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर 'स्लीव्ह' शस्त्रक्रिया केली. वजन झपाट्याने उतरल्याचे डॉक्टरांनी जाहीर केले. एप्रिलमध्ये मात्र तिची बहीण शायमा हिने जाहीर तक्रार केली : माझी बहीण बरी झालेली नाही, सांगितले जाते तितके वजन उतरलेले नाही. डॉक्टरांनी ते आरोप नाकारले. मे महिन्याच्या आरंभी इमानला अबूधाबीला हलविण्यात आले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथे तिचे निधन झाले.

या घटनेचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. मला त्यात दिसते ते वेगळेच. बहिणीला मुंबईपर्यंत घेऊन येण्यासाठी धडपडणारी शायमाच होती आणि संशय घेणारीही तीच. एकाच माणसाच्या अंतःकरणात आशा आणि अविश्वास शेजारी शेजारी राहतात. घरातील माणूस शंका घेतो तेव्हा तो आपला शत्रू झाला असे रुग्णाला वाटते. बहुतेक वेळा तो केवळ एकटा पडण्याला घाबरलेला असतो. त्या रेल्वे कर्मचाऱ्याला मी विचारले, "तुम्हांला नेमकी कशाची भीती वाटते?" बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "फादर, माझी आई मी सात वर्षांचा असताना वारली. सध्याची आई माझी मावशी आहे. पोराला तसेच व्हावे असे मला वाटत नाही." बारा वर्षे मी त्या घरी ये-जा करतो, मला हे ठाऊक नव्हते. बहुधा बाईंनाही त्यांनी ते असे कधी सांगितले नसावे.

त्या दिवसापासून घरातील बोलणे बदलले. भांडण 'करायचे की नाही' यावर होते, ते 'काय विचारायचे' यावर आले. मी त्यांना एकच सुचविले, की तिघांनीही नागपूरला डॉक्टरांकडे जावे आणि आपापला प्रश्न आपल्याच तोंडाने विचारावा. त्यांनी तसे केले. टाका सुटून गळती झाली तर ती केव्हा कळते? रात्री दोन वाजता गोंदियात पोटात दुखू लागले, ताप आला, तर सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आधी कोणाला फोन करायचा? लोह, कॅल्शियम, बी-१२ या गोळ्या किती वर्षे घ्यायच्या? उत्तर मिळाले : आयुष्यभर, आणि रक्ताची तपासणीही आयुष्यभर. सासूबाईंचा प्रश्न सर्वांत शहाणपणाचा होता : "हिला भात खाता येईल का?" डॉक्टर म्हणाले, काही आठवड्यांनी, दोन-चार चमचे, तेही डाळ-अंडे पोटात गेल्यावर. धान पिकविणाऱ्या आणि धानाच्या गिरण्यांवर जगणाऱ्या या मुलखात हे उत्तर काय आहे, ते बाहेरच्याला समजणार नाही. आमच्याकडे भात नाही म्हणजे जेवणच नाही. परंतु त्याच उत्तराने मुलाचेही डोळे उघडले. तो ज्याला आडवाट समजत होता ती आयुष्यभराच्या संयमाची वाट निघाली.

आकडे विचारले तेही त्यांना मिळाले. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४,७७६ रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांत दगावलेल्यांचे प्रमाण हजारी तीन होते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० जणांपैकी सरासरी अकरा वर्षांत १०१ दगावले. शस्त्रक्रिया न झालेल्या तशाच २,०३७ जणांपैकी १२९. म्हणजे न करण्यातही मृत्यू आहे; तो फक्त सावकाश येतो आणि त्याच्यासाठी कोणाला सही करावी लागत नाही. हा भेद मला नीतीच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. टेबलावरचा मृत्यू निर्णयाचा वाटतो, खाटेवरचा मृत्यू नशिबाचा. वास्तविक दोन्हीकडे निर्णय आहेच.

तरीही शस्त्रक्रिया करून घेणे कर्तव्य आहे, असे मी कोणालाही सांगणार नाही. आमच्याच धर्मग्रामातील दुसऱ्या एका गृहस्थांनी, जवळपास तेवढ्याच वजनाच्या, नकार दिला आहे. सोळाव्या शतकातील डोमिनिकन पंडित फ्रान्सिस्को द व्हिटोरिया यांनी जीव राखण्यासाठी मनुष्य कोठवर बांधील आहे, याची चर्चा करताना महागड्या पथ्याचाही विचार केला आहे; साधे अन्न खाणाऱ्याने आयुष्य वाढावे म्हणून उंची अन्न खाल्लेच पाहिजे असे नाही, असा त्यांचा कौल. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे हीच परंपरा पुढे नेली : सामान्य उपाय बंधनकारक, असाधारण भार नव्हे. आणि भार कोणाला किती, हे ज्याच्या अंगावर तो पडतो त्यानेच सांगायचे असते. ते गृहस्थ आता नव्याने आलेल्या इंजेक्शनांचा विचार करीत आहेत. २०२५ पासून ती आपल्या देशात मिळू लागली आहेत. त्यांच्या किमतीविषयी त्यांनी काढलेले उद्गार धार्मिक त्रैमासिकात छापण्याजोगे नाहीत.

म्हणूनच घरच्यांना विचारण्याचा हक्क आहे, रडण्याचा आहे, पैशाचा हिशेब मागण्याचाही आहे, नकाराधिकार नाही. विवाहसंस्काराने दोन देह एक होतात हे आपण मानतो, परंतु टेबलावर एकच जण झोपतो. शेवटचा होकार त्या एकाच्या विवेकातून यावा लागतो. दबावाने दिलेला होकार जितका सदोष, तितकाच दबावाने दिलेला नकारही.

राहिली बाईंची स्वतःची भीती. ती शेवटपर्यंत गेली नाही. श्रद्धा असती तर भीती वाटली नसती, असे त्यांना कोणा प्रार्थनागटातील भगिनीने सांगितले होते. असले सांत्वन मला क्रूर वाटते. गेथशेमनीच्या बागेत प्रभू स्वतः भयाने व्याकूळ झाला, प्याला टळावा अशी याचना त्याने केली आणि जवळच्या मित्रांना जागे राहण्याची विनंती केली. मित्र झोपी गेले. मार्कने यांतले काहीही लपविलेले नाही. भयभीत माणसाला सोबत हवी असते आणि ती मागण्यात कमीपणा नाही, एवढेच मी बाईंना सांगितले.

आणखी एक गोष्ट सांगितली. रुग्णाभ्यंग संस्कार म्हणजे मरणाची वर्दी, ही जुनी समजूत आपल्या घरांतून अजून गेलेली नाही. पुरोहित तेल घेऊन आला की शेजारी रडू लागतात. पोप सहावे पॉल यांनी १९७२ मध्ये या संस्काराच्या विधीची फेररचना केली. गंभीर आजारामुळे शस्त्रक्रियेला जाणाऱ्यास तो आधी देता येतो, द्यावा. बाईंनी होकार दिला. त्यांच्या पतीने मात्र विचारले, "शेजारच्यांना काय सांगायचे?" मी म्हणालो, "चहाला बोलवा."

शेजारी खरोखर आले. शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यातील शनिवार होता. बाई तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून पातळ आहारावर होत्या आणि इतरांना पोहे वाढीत होत्या. मी त्यांच्या कपाळाला व तळहातांना तेल लावले, प्रार्थना म्हटली. मुलगा आईच्या मागे उभा होता. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवलेला होता. विधी संपला, मी तेलाची कुपी बंद करू लागलो, तोच सासूबाई खुर्ची ओढीत पुढे आल्या.

"मला पण लावा, फादर," त्या म्हणाल्या. "माझेही वय झाले आहे. आणि हिच्याहून मलाच जास्त भीती वाटते आहे."

मी कुपी पुन्हा उघडली.